आयुष्यातला एक अनुभव लिहायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहरातून आणि करवीर, कागल, पन्हाळा, शिरोळकडच्या गावांतून अनुभवलेखनाबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, त्यामुळे जिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय तिथे जाऊन तेवढं वाचा.

१. अनुभवकथन म्हणजे नेमकं काय? आत्मचरित्रापेक्षा ते वेगळं कसं?

आत्मचरित्रात माणसाचं अख्खं आयुष्य येतं. अनुभवकथनात एकच प्रसंग येतो, फार तर एकमेकांत गुंतलेले दोन-तीन. 'माझं बालपण' एवढा पसारा त्यात मावत नाही. 'चौथीत असताना आण्णा मला गुळाच्या सौद्याला घेऊन गेले ती सकाळ' मावते.

त्यात तीन गोष्टी लागतात. घडलेला प्रसंग, त्या वेळी तो भोगणारा 'मी', आणि आज तो आठवणारा 'मी'. चौथीतल्या पोराला सौद्यात एवढंच दिसतं की आण्णा एकदम गप्प झाले. भाव पडला म्हणजे घरात काय होतं, हे आज लिहिणाऱ्याला कळतं. लेखाचा जीव या दोन समजुतींच्या मधल्या जागेत असतो. तिसरी गोष्ट विसरली तर उरतो तो वृत्तान्त, आणि फक्त तिसरीच ठेवली तर प्रवचन होतं.

२. शाळेत 'आत्मकथन' लिहायचो, तेच का हे?

नाही. दहावीच्या मराठीच्या पेपरात आत्मकथन म्हणजे बहुतेक वेळा एखादी वस्तू, झाड किंवा प्राणी आपली कहाणी सांगतो. त्याच पेपरातलं प्रसंगलेखन याच्या जवळचं आहे, पण तिथला प्रसंग दिलेला असतो. शाळेतल्या दोन सवयी मात्र इथे सोडाव्या लागतात: सुरुवातीला सुविचार आणि शेवटी बोध.

३. माझ्या आयुष्यात मोठं असं काही घडलंच नाही. कशावर लिहू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो विचारणाऱ्यांकडेच बहुधा चांगला ऐवज असतो. कागद घ्या, वीस मिनिटं ठरवा आणि चार याद्या करा: पहिल्यांदा केलेलं, शेवटचं केलेलं (तेव्हा ते शेवटचं आहे हे ठाऊक नव्हतं असं), ज्याची अजून लाज वाटते असं, आणि ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही असं. प्रत्येक यादीत पाच ओळी. वाक्यं नकोत, नुसते शब्द पुरतात: 'रंकाळा, सायकल, काकांचा शर्ट'.

मग प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा. ती जागा डोळ्यासमोर उभी राहते का? त्या आधीचा मी आणि नंतरचा मी यांत काही फरक पडला का? दोन्हींना 'हो' आलं की विषय सापडला.

वर्षाची चटणी हे उदाहरण घ्या. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, देठ खुडून, खोबरं-कांदा-लसूण भाजून डबा कांडायला डंकावर न्यायचा, हे कोल्हापुरात घरोघरी होतं. त्यात घडण्यासारखं काय आहे? पण ज्या वर्षी आजीऐवजी सुनेनं पहिल्यांदा अंदाज घेतला, मीठ किती ते आजीला न विचारता टाकलं आणि आजी काही बोलली नाही, ते वर्ष हा लेखाचा विषय आहे. प्रसंग केवढा मोठा होता याला महत्त्व नाही. घरात काहीतरी एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, ते पकडायचं असतं.

४. महापुरावर लिहायचंय. सगळंच सांगावंसं वाटतं. कुठून धरू?

सगळं सांगायला बसलात तर पाऊस, धरण, बोट, शाळेतली छावणी, चिखल, पंचनामा, मदत अशी रांग लागते. ती रांग वाचकानं बातम्यांत पाहिलेली असते. तुमच्या दाराशी काय झालं ते त्याला ठाऊक नसतं.

आधी वेळ आवळा. पाच-सहा दिवसांतले तीन तास निवडा. ज्या क्षणी काही ठरवावं लागलं ते तास बहुधा सर्वांत चांगले निघतात: म्हसरं सोडायची की बांधून ठेवायची, म्हाताऱ्या माणसाला उचलून न्यायचं की तो म्हणतोय तसं माळ्यावर बसू द्यायचं, कपाटातलं काय घ्यायचं. जिथे निवड होती तिथे माणूस दिसतो.

मग मोजमाप स्वतःच्या घराचं ठेवा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर. हे आकडे लेखात एकदाच, एका वाक्यात यावेत. बाकी सगळीकडे पाणी तुमच्याच वस्तूंवर मोजा: तिसरी पायरी, उंबरा, शिलाई मशीनचं पायडल, देवळीतला दिवा. 'पाणी वेगाने वाढत होतं' असं लिहिल्यानं वाढत नाही. 'चहा ठेवला तेव्हा पायरी दिसत होती, गाळला तेव्हा दिसेना' असं लिहिलं की वाढतं.

निवडलेल्या तीन तासांबाहेरचं जे सांगायलाच हवं (आधीच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, वडील का हलायला तयार नव्हते), ते मध्ये दोन-तीन वाक्यांत द्या. त्याचा वेगळा परिच्छेद झाला की गोष्ट थांबते. मदतीचा आणि पंचनाम्याचा राग असेल तर त्याचा वेगळा लेख करा. एकाच लेखात दोन्ही घातले की वाचक दुसऱ्याच गोष्टीवर वाद घालत बसतो.

५. पहिलं वाक्य सुचत नाही. काय करू?

ते शेवटी लिहा. पहिला खर्डा झाला की त्यातला पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. पुष्कळदा लेख तिथूनच सुरू झालेला असतो. 'जीवन म्हणजे ऊन-सावलीचा खेळ' किंवा 'काही आठवणी मनात घर करून राहतात' ही वाक्यं कुठल्याही लेखाला चिकटतात, म्हणून ती तुमच्या लेखाची नव्हेत.

चालणाऱ्या सुरुवातीत एक माणूस, एक कृती आणि एक खटकणारी गोष्ट असते. उदाहरणादाखल: 'पाणी तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा आण्णा माडीवर जाऊन दाढी करायला बसले.' असं का केलं, हे जाणून घ्यायला वाचक पुढे येतो.

६. लेख किती मोठा असावा?

एका प्रसंगाला ८०० ते १,५०० शब्द पुरतात. हाताने लिहिलं तर ए-फोरच्या एका बाजूवर साधारण २०० ते २५० शब्द बसतात, म्हणजे चार ते सहा पानं. पहिला खर्डा दीडपट लांब होऊ द्या आणि मग छाटा.

लांबीपेक्षा वाटणी बिघडलेली असते. अर्ध्याहून जास्त जागा मुख्य प्रसंगाला हवी. प्रत्यक्षात घर, गाव, कुटुंब यांची ओळख करून देण्यात निम्मा लेख संपतो आणि ज्यासाठी लेख लिहिला तो क्षण शेवटी सहा ओळींत उरकला जातो. त्या क्षणाशी आलं की हात आखडतो, कारण तिथेच दुखतं. नेमकं तिथेच सावकाश जायचं असतं.

७. सगळं नीट आठवत नाही. आठवत नाही ते बनवून लिहिलं तर चालेल का?

घडलंच नाही ते घडलं म्हणून लिहू नका. न भेटलेली माणसं आणू नका, न झालेलं भांडण लावू नका, दोन वेगळे दिवस गुपचूप एक करू नका. तसं करायचं असेल तर त्याला कथा म्हणा. कथा हा चांगलाच प्रकार आहे, पण तिथे वाचकाशी केलेला करार वेगळा असतो.

संवाद शब्दशः कुणालाच आठवत नाहीत. बोलण्याचा आशय आणि त्या माणसाची ढब खरी असेल तर संवाद लिहायला हरकत नाही. पण चार पानांचं बोलणं अवतरणचिन्हांत घातलं तर वाचकाला शंका येते. जे वाक्य आजही कानात आहे तेवढंच अवतरणात ठेवा, बाकी 'ते काहीतरी म्हशींबद्दल म्हणाले' असं सांगा.

न आठवणं हीसुद्धा माहितीच आहे. 'त्या दिवशी आई काय म्हणाली ते आठवत नाही, तिच्या हातातली किल्ली आठवते.' असं उघड लिहिलेलं वाक्य बाकीच्या लेखावरचा विश्वास वाढवतं.

८. तारखा आणि वर्षं कशी तपासू?

आठवणीतली ऋतूची खूण धरा. २०१९ आणि २०२१ चे पूर डोक्यात हमखास मिसळतात. छावणीत सगळ्यांच्या तोंडावर मास्क आठवत असतील तर ते २०२१. पाणी वाढत होतं आणि घरात नागपंचमीची गोष्ट निघाली होती असं आठवत असेल तर २०१९, कारण त्या वर्षी नागपंचमी ५ ऑगस्टला होती. अंबाबाईच्या किरणोत्सवाची संध्याकाळ आठवत असेल तर महिना नोव्हेंबर किंवा जानेवारीची अखेर-फेब्रुवारीची सुरुवात. तुमच्या लेखात ती मे महिन्याच्या सुट्टीत आली असेल तर दोन आठवणी एकत्र झाल्यात. गुऱ्हाळ पावसाळ्यात चालू दिसलं तरीही बहुधा तेच.

मग कागद बघा: शाळा सोडल्याचा दाखला, दवाखान्याची फाईल, लाईट बिल, लग्नपत्रिका, फोटोच्या मागची तारीख. जुनी वर्तमानपत्रं लागली तर करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात चौकशी करा. शेवटी, प्रसंगाला हजर असलेल्या एका माणसाला विचारा. त्याची आठवण वेगळी निघाली तर घाबरू नका. 'भाऊ म्हणतो तेव्हा रात्र होती, मला ऊन आठवतंय' हे वाक्य लेखात राहू द्या.

९. कोल्हापुरी बोली वापरू की प्रमाण मराठी?

निवेदन तुम्हाला सहज येतं त्या भाषेत करा, आणि माणसं जशी बोलतात तशीच बोलू द्या. आजीच्या तोंडी 'तू काय करीत आहेस?' घातलं की आजी संपली. ती 'काय करालाईस गं?' असंच विचारणार.

तीन जागी घोटाळा होतो. पहिला म्हणजे अतिरेक. प्रत्येक वाक्यात 'लई' आणि 'नाद खुळा' घातलं की माणूस जाऊन सोंग उरतं. बोली शब्दांपेक्षा वाक्याच्या चालीत असते, 'येतोय की', 'जेवलास न्हवं' अशी. दुसरा, आपल्याकडच्या कितीतरी बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. मुद्रितशोधक ते चूक समजून 'येते' करतो. लेख पाठवतानाच वर टीप लिहा: 'संवादांतील रूपे बोलीनुसार, बदलू नयेत.' तिसरा, लेखनात एकरूपता नसते. निवेदनात 'केलं-गेलं' धरलंत तर शेवटपर्यंत तेच, 'केले-गेले' धरलंत तर तेच. एका पानावर दोन्ही आलं की वाचणाऱ्याला ठेचा लागतात.

१०. तालमीतले, गुऱ्हाळातले शब्द बाहेरच्या वाचकाला कळतील का? अर्थ देऊ का?

शब्द ठेवा, कंसातला अर्थ काढा. वाक्यानंच अर्थ सांगितला पाहिजे. 'गुळव्यानं काहिलीतला पाक बोटानं पाण्यात सोडला, गोळी धरली, आणि हात वर केला' एवढ्यात गुळव्या कोण आणि गोळी कशासाठी हे नागपूरच्या वाचकालाही कळतं. चुलवाण, चिपाड, मळी, ढेप हे शब्द असेच कामात दिसू द्या.

तालमीचंही तसंच. 'लाल माती' हा शब्द आता इतक्या लेखांत आलाय की त्याला वास उरलेला नाही. पण त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळतात, ती उकरून मऊ करावी लागते, आणि नव्या पोराला जोर-बैठकांच्या आधी तीच उकरायला लावतात, हे लिहिलं की वास परत येतो. एका परिच्छेदात नवे शब्द मात्र दोन-तीनच ठेवा.

११. भावना लिहिल्या की लेख रडका होतो. न लिहाव्यात तर कोरडा होतो. काय करावं?

भावनेचं नाव काढून टाका आणि त्या वेळी शरीराने काय केलं ते लिहा. 'मला अतोनात दुःख झालं' याच्या जागी तुम्ही काय केलंत? बाहेरच्या कपड्यांनिशी भांडी घासायला बसलात? रिक्षावाल्याला दोनदा पैसे दिलेत? तेच लिहा. 'डोळ्यांत पाणी आलं' हे अख्ख्या लेखात जास्तीत जास्त एकदा.

यालाही अपवाद आहे. भावना अपेक्षेच्या उलट असेल तर तिचं नाव सरळ घ्यावं. वडील गेल्यावर सुटल्यासारखं वाटलं असेल, तर ते आडून सुचवून वाचकाला कळणार नाही. तिथे साधं वाक्य लिहा आणि पुढे चला. समर्थन देऊ नका.

१२. शेवट कसा करावा? काही शिकवण नको का?

शिकवण लेखातून येऊ द्या, लेखाच्या खाली लिहू नका. 'त्या दिवशी मला कळलं की...' या शब्दांनी सुरू होणारा शेवटचा परिच्छेद खोडून बघा. लेख तरीही उभा राहिला तर तो नकोच होता. पडला तर दोष मधल्या भागात आहे. प्रश्न ६ मधली वाटणी तपासा.

कामी येणारा साधा उपाय: सुरुवातीला आलेली एखादी वस्तू किंवा सवय शेवटी आज कशी आहे ते दाखवा. पायरी नव्यानं बांधली का? चटणीचं मीठ आता कोण टाकतं?

१३. घरच्यांबद्दल लिहावं का? नावं बदलली की पुरे ना?

घरच्यांशिवाय अनुभव लिहिता येत नाही, पण त्यांचं गुपित तुमच्या मालकीचं नसतं. आजार, कर्ज, मोडलेलं लग्न, व्यसन या चार गोष्टी दुसऱ्याच्या असतील तर छापण्याआधी त्या माणसाला तेवढा भाग वाचून दाखवा. कागद हातात देण्यापेक्षा वाचून दाखवणं बरं, म्हणजे तोंडावरून लगेच कळतं.

नाव बदलून गावात कुणाची ओळख लपत नाही. गल्ली, धंदा आणि नातं तेच ठेवलं तर 'काका' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. ओळख लपवायचीच असेल तर यांतल्या दोन गोष्टी तरी बदला आणि 'काही तपशील बदलले आहेत' असं लेखाखाली लिहा. प्रश्न ७ मधला करार त्यामुळे मोडत नाही, कारण वाचकाला सांगितलेलं असतं.

१४. ज्यानं त्रास दिला त्याचं नाव लिहिलं तर कायद्याची अडचण येते का?

येऊ शकते. १ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. त्याआधी तो भारतीय दंड संहितेच्या ४९९ आणि ५०० मध्ये होता. 'खरं आहे ते लिहिलं' एवढाच बचाव फौजदारी कायद्यात पुरत नाही, ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. माणूस हयात नसला तरी त्याच्या घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेला मजकूर यात येऊ शकतो.

लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगात पीडितेची ओळख पटेल असं छापणं हा त्याच संहितेच्या कलम ७२ खाली वेगळा गुन्हा आहे. सज्ञान स्त्री स्वतःचा अनुभव स्वतःच्या नावाने लिहू शकते. दुसऱ्या कुणी तिच्याबद्दल लिहायचं तर तिची लेखी परवानगी लागते. मूल असेल तर लिहूच नका, आधी वकिलाला भेटा.

व्यवहारात एवढं पाळा: जे घडलं ते लिहा, त्याला विशेषण लावू नका. 'त्याने पैसे परत केले नाहीत' हे घडलेलं आहे. 'तो लबाड होता' हा तुमचा निवाडा झाला, आणि लेखालाही त्याची गरज नसते.

१५. लिहायला बसलं की त्रास होतो, झोप उडते. तरी लिहावं का?

घाई नको. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं, दिवसाउजेडी, आणि उठल्यावर हाताला दुसरं काम ठेवा. दुखऱ्या भागापासूनच सुरुवात न करता त्याच्या आधीच्या तासापासून लिहा. तरीही झोप, जेवण किंवा कामावर परिणाम होत राहिला तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी मोफत फोनसेवा आहे, तिथे मराठीत बोलता येतं. छापायचं की नाही हे लिहून झाल्यावर ठरवायचं असतं. वहीत राहिलेला लेखही पुरा लेख असतो.

१६. अनुभव आजीचा आहे, लिहिणार मी. 'मी' कुणाला म्हणायचं?

लिहिणाऱ्यालाच. आजीच्या तोंडून 'मी' लिहिलंत तर तिला न सुचलेले विचार तिच्या नावावर जातात. तुम्ही ऐकणारे आहात ही जागा कबूल करा: ती कुठे बसून सांगते, कुठल्या वाक्याशी थांबते, कुठली गोष्ट दर वेळी गाळते.

मोबाईलवर बोलणं टिपून घ्या, पण तिला सांगून. एका बैठकीला अर्धा तास पुरे. 'तेव्हा कसं वाटलं?' असं विचारू नका, 'बरं वाटलं' एवढंच उत्तर येतं. 'तेव्हा चूल कुठं होती?', 'पायात काय होतं?', 'पाणी कोण आणायचं?' असं विचारा. जागेवरून माणसं येतात, माणसांवरून प्रसंग येतो.

१७. मोबाईलवर बोलून टाईप केलं तर चालतं का? पाठवताना अक्षरं का बिघडतात?

पहिल्या खर्ड्याला बोलून लिहिणं उत्तम, कारण बोलण्याची चाल राहते. विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ नंतर बसून सुधारा. बोली शब्द यंत्र हमखास बदलतं, 'न्हवं'चं काहीही करतं, म्हणून संवाद हातानेच टाईप करा.

अक्षरं बिघडतात ती जुन्या फॉन्टमुळे. डीटीपीच्या दुकानात अजून जुन्या सांकेतिक पद्धतीचे फॉन्ट वापरतात, ते दुसऱ्या संगणकावर उघडले की अगम्य चिन्हं दिसतात. लेख युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर तशीच उघडणाऱ्या अक्षरांत टाईप करा, मजकुराच्या फाईलसोबत पीडीएफ जोडा. संपादक मजकूर घेईल आणि शंका आली तर पीडीएफ बघेल.

१८. लेख छापून आला आणि घरातलं माणूस दुखावलं. आता काय?

आधी नेमकं कुठल्या वाक्यानं दुखावलं ते विचारा. बहुतेकदा लेखाबद्दल राग नसतो. एखादा तपशील चुकलेला असतो किंवा एखादं वाक्य उघड्यावर आलेलं सहन होत नसतं. तपशील चुकला असेल तर ऑनलाइन मजकुरात दुरुस्ती करून खाली तारखेसह तसं लिहा, छापील अंकाच्या संपादकाला दोन ओळींचं पत्र पाठवा.

मजकूर खरा आहे पण झोंबतोय, असं असेल तर लगेच काढूही नका आणि वादही घालू नका. त्या माणसाची बाजू त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. लेख पुढे संग्रहात किंवा दिवाळी अंकात पुन्हा येणार असेल तेव्हा, त्याला विचारून, ते दोन परिच्छेद त्यात घाला.